सुमन फक्त खेळायला येईल

खो-खोचा विषय निघालाच आहे, तर अकोटच्या सुमनचं सांगते. तिच्या घरच्यांनी नुकतीच बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. तरीही शाळेत गुरुजी तिला सगळ्यांपासून वेगळं बसवायचे. तिचे वडील कचेरीत कारकून. त्यांनी तिला शाळेतून काढलं आणि स्वतः घरी शिकवायला लागले. संध्याकाळी मात्र ती आमच्याबरोबर मैदानावर यायची, आणि आमच्यातल्या कुणाच्याच हाती लागायची नाही.

अमरावतीच्या सामन्यांत घरी शिकणारी मुलगीही चालेल असं कळलं, तशा आमच्या मोठ्या बाई मला घेऊन तिच्या घरी गेल्या.

"सुमनला आमच्या शाळेकडून खेळू द्या."

वडील शांतपणे म्हणाले, "वर्गात चालली नाई, बाई. मैदानात कशी चालते?"

बाईंनी मान खाली घातली. "चुकलंच आमचं. ते गुरुजी आता शाळेत नाहीत."

वडिलांनी सुमनकडे पाहिलं. "तुले खेळाचं हाय?"

"हाव."

अमरावतीत शेवटच्या डावात तिच्याबरोबरच्या दोघी बाद झाल्या. ती एकटी वेळ संपेपर्यंत पळत राहिली, म्हणून आम्ही जिंकलो.

परतताना एस.टी.त बाई मुद्दाम तिच्याशेजारी बसल्या. "आता वर्गातही ये, सुमन. पहिल्या बाकावर बसवते."

"खेळाले येईन, बाई," सुमन म्हणाली. "शिकवाले माहे बाबा हायेत."