पाखऱ्याचा डावा पाय

मंगळवार, पंचवीस फेब्रुवारी दोन हजार पंचवीस, दुपारचे साडेतीन. ही वेळ आधी लक्षात ठेवा; मानपान मग करते.

सन्माननीय अध्यक्ष उत्तरेश्वरराव, सचिव रामप्रसादजी, आष्टीहून आलेले पाहुणे, सहकारी आणि माझ्या मुलांनो, निरोपाचं शाल-श्रीफळ पोचलं, आभार. पाहुण्यांनी आत्ताच प्रयोगशाळेतल्या बैलाच्या सांगाड्याला हार घातला. पांढराशुभ्र, दोन्हीकडून अगदी सारखा. छान दिसतो, नाही का?

तो चतुराबाईंचा पाखऱ्या. त्या समोरच बसल्या आहेत. ऊसतोडीच्या गाडीला तो जन्मभर डावीकडेच जुंपला. पुरल्यावर दोन वर्षांनी त्या स्वतःहून म्हणाल्या, "काढा बाई हाडं. पोरांच्या कामी येतील." नववीच्या मुलांनी ती धुऊन तारेनं जोडली.

पुस्तक सांगतं, शरीराचे मधोमध दोन भाग केले की डावा-उजवा सारखे. पाखऱ्याचे नव्हते. डाव्या पायाची हाडं जाड, गाठाळ. भार येईल तिथं जिवंत हाड स्वतःला भक्कम करतं. मुलं हात लावून बघत होती. पंचशीला हळूच म्हणाली, "बाई, माझ्या आईचा कोयत्याचा खांदा असाच हाय." त्यापुढे मी काय शिकवणार?

आणि त्या मंगळवारी साडेतीनला सचिवांनी ग्राइंडर लावला! डावा पाय घासून उजव्याइतका बारीक केला, वरून ऑइलपेंट. मी धावत गेले, तर म्हणाले, "बाई, तुमच्याच निरोप समारंभासाठी केलं. पाहुण्यांपुढं वाकडा बैल बरा दिसतो का?"

माझ्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर पट्टी घेऊन आमचे खांदे सरळ करायच्या, रामप्रसादजी. पण त्या हाडं घासत नव्हत्या.

काल चतुराबाईंनी त्या पायावरून हात फिरवला. म्हणाल्या, "वझं वढून वाकडा झालता त्यो. मेल्यावर कावून सरळ केला ओ? ह्यो आमचा न्हाई." उत्तरेश्वरराव, हसू नका.

भाषणात काही कमीजास्त झालं असेल तर माफी मागते, माझ्यापुरती. चतुराबाईंची माफी कोण मागणार, आणि 'हा पाय संस्थेनं घासला' अशी पाटी सांगाड्याखाली कधी लागणार, याचं लेखी उत्तर सोमवारी, तीन मार्चला, संध्याकाळी पाचच्या आत चतुराबाईंच्या घरी पोचवा. पंचशीला त्यांना वाचून दाखवील.

तोवर ही शाल पाखऱ्याच्या अंगावर राहील. तो पाय मला बघवत नाही.