डावा मागचा शॉकअप

नाही, बसते ना अण्णा, बसणारच आहे, पण आधी तो काढलेला शॉकअप मला दाखवा, मग बसते — नाहीतर मी बसणार आणि ही लगेच उठणार, हल्ली आमचं दोघींचं असंच चालतं. मगिळ, ते नको, तेलाचं आहे ते. चौदा महिन्यांची आहे अण्णा, पण हात बघा, टेबलाच्या पलीकडचा डबा अलीकडे येतो हिच्या हातात. हां, तर कदिर. कदिर म्हणाला, नाचिमुत्तू अण्णांना सांग, गाडी डोलते. बस, एवढंच. नवऱ्यांचं बरं असतं, 'डोलते' म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. आज फाउंड्रीत भट्टी लावलीय, तिथून हलता येत नाही, म्हणून मला पाठवलं. रविवारी रेसच्या ट्रॅकवर न्यायचीय ना गाडी. सासूबाई म्हणाल्या, ह्या उन्हात लेकराला घेऊन गॅरेजात कशाला, गाडी काय आपल्या पायांनी जाणार नाही का — आता त्यांना काय सांगायचं, गाडीचे पायच तर गेलेत.

डोलते म्हणजे कशी? सांगते ना. साध्या रस्त्यावर काही नाही. परवा अविनाशी रोडनं सासूबाईंना देवळात नेलं, दोनच सीटची गाडी, गुडघे हनुवटीला लावून बसल्या होत्या बिचाऱ्या, पण उतरल्यावर म्हणाल्या, बरी आहे. तर रस्त्याचं नाही. ट्रॅकवर तो लांबलचक उजवीकडचा वाक आहे बघा — गाडी सगळी डाव्या कुशीवर रेलते, आणि ऐन मध्यावर जमीन जरा उंचसखल आहे, तिथे मागचं डावं चाक उडी मारतं. एक उडी ठीक आहे, कुठलीही गाडी मारेल. ही एक मारते, मग दुसरी मारते, आपण म्हणतो आता बसेल, आता बसेल — तर तिसरी. आणि तिसरीला मागची बाजू अशी हळूच बाहेर सरकते, कुणी पाठीमागून पदर ओढावा तशी, आणि आपला पाय आपल्याला न विचारता वर येतो, ॲक्सिलरेटरवरून, जो तिथे वर यायला नको, कारण पाय काढला की ती जास्तच — म्हणजे कदिरचा. कदिरचा पाय. असं काय बघताय अण्णा? त्यानंच सांगितलं सगळं. बरं, 'डोलते' एवढंच म्हणाला असं मीच म्हटलं मघाशी, पण नंतर खोदून विचारलं मी.

मी काय म्हणते, नवीन आणलेत ते बसवताना जरा नरम नाही का करता येणार? स्क्रू असतो ना वरती, टकटक फिरवायचा. अगदी नरम ठेवा, म्हणजे गाडी जरा सावकाश — हो, कळतं मला, नरम म्हणजे पुन्हा हेच, नवे पैसे देऊन जुनीच उडी. कळतं म्हणजे काय, शिकवते मी ते. पॉलिटेक्निकला दुसऱ्या वर्षाला कंपनं शिकवते, विसरलात? फळ्यावर कुठलंही थरथरणारं यंत्र आणा, मी ते चार ओळींत शांत करून दाखवते, पोरं वहीत उतरवून घेतात. आणि घरी येऊन द्राक्षाचे चार तुकडे करते, मग वाटतं हे मोठे झाले, मग त्या तुकड्यांचे पुन्हा तुकडे, शेवटी हिला नुसती सालं मिळतात. अशी बाई. पूर्वी नव्हते हो मी अशी. तुम्ही तर बघितलंय. ह्याच गाडीचे ब्रेक मी तापवून आणले होते आणि तुम्ही कदिरला ओरडला होतात, तो बिचारा गप्प ऐकून घेत होता — दाक्षिण्य म्हणून, आणि थोडी लाज म्हणूनही, कारण माझी फेरी त्याच्यापेक्षा दीड सेकंदानं कमी भरली होती.

थांबा, हा उजवा ना? दाबा बरं. हां, दांडा आत गेला — आणि येतोय, येतोय बाहेर, सावकाश, म्हातारा माणूस खुर्चीतून उठतो तसा. म्हणजे ह्याच्यात जीव आहे. आता डावा. दाबा. पुन्हा दाबा. येतच नाही? थांबू या जरा, कधीकधी वेळ — नाही. आत गेला तो गेला. आणि तेल बघा सगळं बाहेर, त्यावर धूळ बसून कणकेसारखं झालंय. मगिळ, बघ, कणीक. हात नाही लावायचा. अण्णा, मला एक नीट सांगा, धीर द्यायला म्हणून नको, खरं सांगा — हा जाऊन किती दिवस झाले? गेल्या महिन्यात गेलेला असेल? गेल्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी? दोन-तीन महिने? नक्की? म्हणजे त्या दिवशी तो गेलेलाच होता. म्हणजे चाक खरंच उडत होतं. अण्णा, पाणी आहे का हो जरा? नाही, हिला नको, मला.

आता तुम्ही माझ्याकडे असं बघणारच असाल तर सांगूनच टाकते, पण कदिरला कळता कामा नये. त्या रविवारी ट्रॅकवरच्या शेडमध्ये कदिर हिला झोपवत होता. त्याच्या खांद्यावर ही अशी पसरते, मग तो हलत नाही, श्वासही बेतानं घेतो. दुपारी ट्रॅक रिकामा होता, सगळे जेवायला गेलेले. मी म्हटलं, गाडी जरा सावलीत लावते. खरंच सावलीतच लावणार होते. माझ्या हाताला पट्टीसुद्धा निळी होती, नुसतं शेजारी बसणाऱ्याची — चालवणाऱ्याला केशरी देतात — आणि गेटवर पोन्नुसामी उभे होते, ते मला कॉलेजच्या दिवसांपासून ओळखतात, त्यांनी पट्टीकडे बघितलंच नाही, हात केला, जा म्हणाले. गेले मी. दोन फेऱ्या. दोन नाही, पावणेदोन, कारण दुसरीत त्या वाकावर ती तिसरी उडी झाली आणि माझा पाय वर आला, गाडी अर्धी फिरली, मातीत नाही गेली, कशी नाही गेली देव जाणे, आणि उरलेलं मी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये आले, भाजीला निघाल्यासारखी. गाडी सावलीत लावली. कदिर म्हणाला, मिळाली सावली? म्हटलं, मिळाली.

तेव्हापासून महिनाभर हेच डोक्यात. ते गाडीचं होतं की माझं होतं? म्हणजे चाक खरंच उडालं, की कुठल्याही गाडीचं उडतं तेवढंच उडालं आणि मलाच ते तीनदा वाटलं? बाळ झाल्यावर बायकांचं असं होतं म्हणतात, जिन्यावरून उतरतानासुद्धा कठडा धरतात, मी धरते. कुणाला विचारणार? कदिरला विचारायचं तर आधी सांगावं लागणार. त्याला सहज विचारलं, तुला काही जाणवतं का मागे? तर म्हणाला, जरा डोलते. मी म्हटलं, झालं, ह्याला नुसतं डोलल्यासारखं वाटतं आणि मला मरणाची भीती, म्हणजे माझंच आहे. पण अण्णा, तो त्या वाकावर जातोच कसा, ते कुठे ध्यानात घेतलं मी — तो आधीच ब्रेक मारतो, सासूबाई शेजारी बसल्यासारखा. त्याच्या वेगाला हे चाक कशाला उडेल? नाही, हसू नका, त्याला सांगू नका हे. चांगला माणूस आहे. दर खेपेला विचारतो, केशरी पट्टी तुझ्यासाठी घेऊ का? आणि दर खेपेला मी काय म्हणते? मगिळ रडेल. ही रडत नाही हो. त्याच्याकडे असली की ही माझं तोंडही बघत नाही. चौदा महिने मी हिच्या नावावर खपवतेय.

बरं, जाऊ दे. बसवा नवीन. नीट बसवा, नरम-बिरम काही नको, तुम्हाला योग्य वाटेल तसं. आणि बोल्ट शेवटचे आवळाल ते गाडी खाली उतरवल्यावरच ना, चाकांवर भार आल्यावर? हवेत आवळले तर आतलं रबर पिळवटून — हो हो, तुम्हाला शिकवत नाही, सवय आहे वाईट. मी निघते आता. सासूबाईंनी नाचणीची पेज करून ठेवलीय, आणि ही —

कसलं वजन? चालवणाऱ्याचं? अच्छा, म्हणजे सगळं बसवून झालं की तेवढी वाळूची पोती सीटवर ठेवायची, चारही चाकांखाली वजनाचे काटे लावायचे आणि मग गाडीची उंची जुळवायची. रिकाम्या गाडीवर जुळवत नाही तुम्ही. बरोबर आहे, गाडी रिकामी कधी धावते? चौऱ्यांशी. कदिर चौऱ्यांशी किलो आहे, दिवाळीनंतर पंच्याऐंशी असेल. लिहा चौऱ्यांशी. आणि समजा — नुसतं विचारते — चौऱ्यांशीवर जुळवली आणि बसलं दुसरंच कुणी, बरंच हलकं, तर? फरक पडतो. किती पडतो? त्या वाकावर कळेल एवढा? हं. कळणाऱ्याला कळेल. हं.

काय भरलीत? चार पोती? एक मिनिट अण्णा, बांधू नका तोंड अजून. म्हणजे बांधा, पण — आधी मी बावन्न होते. ते बावन्न धरू नका, ते फार जुनं झालं. आता मला माहीत नाही, खरंच नाही, दवाखान्यात हिचं वजन करतात, माझं कोण करतंय. तो काटा चालू आहे का, चाकाखालचा? माणूस उभा राहिला तर चालेल? मग हिला धरा जरा. नाही, हिच्यासकट नको, ही ट्रॅकवर येणार नाहीये. असं, काखेखाली हात घालून, हां, तेलाचे असू देत हात, काही होत नाही. रडते का बघा. नाही ना. चपला काढते मी. आता आकडा मला सांगू नका, नुसता लिहा.