सिमेंटच्या रिंगांवरची पिल्लं

मध्यप्रदेश नवा नवा बनला होता तेव्हाचा माझा जन्म, इथलाच, इंदूरचा. आजोबा महाराजांच्या फौजेत, बाबा सियागंजात किराण्याच्या तराजूवर, आणि घरातली पहिली ग्रॅज्युएट मी, ते सुद्धा समुद्रातल्या प्राण्यांत. बाबा म्हणायचे, बेटा, इंदूरात समुद्र कुठून आणशील. मग प्रवाळावर काम करणाऱ्या एका सरांनी मला दक्षिणेत, समुद्रकाठी कामावर घेतलं, त्यांचे उपकार कसे विसरू.

काय सांगू तुम्हाला, प्रवाळ दिसतं दगडासारखं, पण ते बारीक बारीक जिवांनी बांधलेलं घर असतं. तिथे एक जुना खडक होता, आणि थोडं लांब आम्ही सिमेंटच्या रिंगा बुडवल्या होत्या, विहिरीत टाकतात तशा, कुठे किती वाढतं ते बघायला. चुनाभट्टीवाल्यांना जुना खडक तोडून, भाजून चुना करायचा होता, म्हणायचे, सिमेंटवर उगवतंय ना, मग ह्याचं काय काम. सरकारी साहेब लोक येऊन, पाहून ठरवणार होते.

ते येणार त्या सकाळी आमच्या कामावरचा दिनकर भिया, भावासारखा, तोही इंदूरचा, तारेचा ब्रश घेऊन पाण्यात उतरला. पाहुणे येणार, सगळं चकाचक पाहिजे. आपण बावडीवाली, विहिरीवाली माणसं, दगडाला काही चिकटलं की ती काई, शेवाळ, घासून टाका. मी डोळ्यांना काच लावून, श्वास धरून खाली गेले तर तो रिंग घासतोय, आणि निघतायत ती प्रवाळाची पिल्लं, टाचणीच्या डोक्याएवढी. सच सांगते, मनात आलं, घासू दे, सिमेंट उघडं दिसेल, खडक वाचेल. छाती फुटायला आली होती, पाण्यात बोलता येत नाही, मी त्याचं मनगट धरलं ते सोडलंच नाही. त्याला वाटलं मी बुडतेय, त्यानं ओढून वर आणलं. म्हटलं, भिया, पिल्लं आहेत ती. तो हळूच म्हणाला, पण मग तुझा खडक जाईल की.

साहेबांनी आल्यावर विचारलं, जल्दी कुठे वाढतं. सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, सिमेंटवर. भट्टीवाले हसले. मी पुढे म्हटलं, पण साहेब, तिथे सगळं फांद्यावालं, एकाच जातीचं, खडकावर किती जाती, काही प्रवाळं तर माझ्या आजोबांच्या आधीची. आणि रिंगांवर जी पिल्लं बसलीयत ती ह्याच खडकावरून वाहत आलीयत. आई तोडलीत तर पिल्लं येतील कुठून?

साहेबांनी माझी डोळ्यांची काच मागितली, स्वतः होडीतून वाकून पाण्यात बघत राहिले. मग म्हणाले, खडकाला हात लावू नका.

आता परत इंदूरला, तुकोगंजात असते, गुडघे पाण्यात उतरू देत नाहीत. ऐकते की समुद्र तापतोय, प्रवाळ पांढरं पडतंय. माझा खडक कसा असेल, कोण जाणे. असेल तर पिल्लं सोडत राहो, बस.