जनाज्यात रुकू नसतो

"हॅलो?… हॅलो, कोण, खतीजाआपा?… व्हय, मीच, फातिमा… जोरात बोला, इथं इंजन चालू हाय."

फातिमाबीनं टेलिफोनचा चोंगा कानाशी दाबला आणि मान वळवून दाराकडे पाहिलं. हिंगोलीच्या त्या जिनिंगच्या कचेरीत तिचा नवरा गुलाम नबी हिशेब लिहायला होता, म्हणून नांदेडहून नणंदेचा ट्रंककॉल आला की तिला घरून बोलावणं येई. सहा वर्षांची रजिया बाहेर कापसाच्या ढिगाशी उभी होती. ढिगापलीकडे इंजिनाचा पट्टा फिरत होता, आणि फातिमाबीचा एक डोळा त्या पट्ट्यावरून हलत नव्हता. मुनीम पुनमचंद पान थुंकायचं निमित्त करून बाहेर गेले होते. एक्सचेंजवरचा माणूस मात्र कुठं जाणार? तो हैदराबादचा, उर्दूवाला. घरची लक्तरं त्याच्या कानी नकोत म्हणून या नणंद-भावजया फोनवर मराठीतच बोलत.

"तब्येत बरी हाय… ते पण बरे… आपा, तीन मिनिटांच्या फोनात तब्येती काय विचारता? भाईजाननी करायला लावला ना हा फोन?… मग तसं म्हणा की."

भाईजान म्हणजे थोरले दीर, जलालुद्दीन. आखाडा बाळापुरात कापसाचा व्यापार, डोक्यावर झुपक्याची रुमी टोपी, आणि त्यांचा शब्द खाली पडू देईल असं गावात कुणी नाही. तीन आठवड्यांखाली अम्मा, फातिमाबीची सासू, त्यांच्याच घरी वारली. मौलवी कळमनुरीला गेलेले. जलालुद्दीन म्हणाले, वाट कशाला पाहायची, जनाज्याची नमाज मीच पढवतो. थोरल्या लेकाचा हकच होता तो. ते पुढं उभे राहिले, आणि दुसऱ्या तकबिरीनंतर, म्हणजे दुसऱ्यांदा ‘अल्लाहु अकबर’ म्हटल्यावर, रोजच्या नमाजेसारखे सरळ कमरेतून वाकले, रुकूत गेले. मागची सबंध रांग वाकली. कबरस्तानाच्या भिंतीवर पोरासोरांत बसलेल्या रजियानं ते पाहिलं.

"बेअदबी?… कोणती बेअदबी, आपा? तिसऱ्या दिवशी, जियारतीला, तिनं विचारलं, बडे अब्बा, जनाज्यात रुकू नसतो ना, मग तुमी काहून वाकले. विचारलंच ना?… व्हय, चारचौघांत विचारलं. त्यांनी रुकू तरी कुठं केला, माजघरात?"

"न्हाई, न्हाई… अहो ऐका ना. ती नमाज उभ्यानंच असते. चार तकबिरी आणि सलाम. ना रुकू, ना सजदा. लेकराला येतं, कारण मी शिकवलं. भाईजानना येत न्हाई, कारण टोपी डोक्यावर बसली तेव्हाच त्यांना वाटलं, झालं शिकून."

हैदराबादच्या कॉलेजातून ही सून आली तेव्हा सासरी तिला पुस्तकवाली दुल्हन म्हणत. म्हणण्यात कौतुक कमी आणि काटा जास्त. तो काटा तिनं सांभाळून ठेवला होता.

"सगळेच वाकले म्हणता… तेच तर सांगून राहिले मी. एकाला जरी माहीत असतं, तर एक तरी ताठ उभा राहिला असता. तुमचे धाकटे भाऊ, आमचे हे, तेही वाकले. मी विचारलं, तुमी काहून? तर म्हणतात, पुढचा वाकला म्हणून… मेंढरांना बोलता आलं तर तीही हेच सांगतील."

"काय?… चाळिसाव्याला?… परत सांगा… रजिया, मागं हो. अजून मागं… तुमाला न्हाई, आपा. बोला."

ती ऐकत गेली आणि तिचे ओठ बारीक होत गेले.

"म्हंजे अम्मांच्या चाळिसाव्याच्या फातिहाला सगळ्या बिरादरीसमोर पोरीनं उभं राहायचं. म्हणायचं, मी खोटं बोलले, बडे अब्बा वाकलेच न्हाईत… आणि त्या दिवसापासून तिचं पुस्तक बंद… पोरीला शिकवलं की जीभ लांबते, हे कोण म्हणतं? तेच का?… आपा, इल्म हासिल करणं, शिकणं, फर्ज हाय, मर्दावर पण आणि औरतीवर पण. भाईजानच सांगतात ना हे, मजलिशीत अत्तराचा फाया कानात खोचून? मग त्यांच्यावरचा फर्ज काय शेजाऱ्यानं फेडायचा?"

दिराच्या रागाची तिला धास्ती नव्हती. धास्ती रजियाची होती. पोरगी गुणी होती. म्हण म्हटलं की म्हणेल. एकदा तेवढं म्हणाली की मग जन्मभर पुढच्याकडे बघून वाकत राहील, आणि पुस्तक उघडं असलं काय नि मिटलं काय, सारखंच.

"न्हाई म्हणणार ती… मी म्हणू देणार न्हाई… घर तुटेल? लेकराच्या एका खऱ्या बोलण्यानं तुटतं, ते घर कशाचं, कुडाचं?… भाईजानना सांगा, माफी नका मागू, पुस्तक मागा. मी पाठवते. लेकरांचं हाय, मोठ्या अक्षरांचं. त्यांना झेपेल."



"हॅलो?… आपा, हाय ना लाइन?… रडून राहिल्या का तुमी?… काय म्हणालात? हळू बोललात, आलं न्हाई कानावर…"

मग आपांचा प्रश्न ऐकू आला. तो तिनं स्वतःच्या तोंडानं पुन्हा म्हटला, बरोबर ऐकलं की नाही हे बघायला.

"मग अम्मांची नमाज झाली, की न्हाई झाली?"

इतका वेळ प्रत्येक शब्दाला तिच्याकडे उत्तर तयार होतं. तीन आठवडे ती दिराची फजिती खडीसाखरेसारखी तोंडात घोळवत होती. त्या वाकलेल्या रांगेपुढं कफनात कोण निजलं होतं, हे मात्र तिच्या मनात एकदाही आलं नव्हतं.

"मला… माहीत न्हाई, आपा… न्हाई, थट्टा न्हाई करून राहिले. रुकू नसतो एवढंच होतं पुस्तकात. केला तर पुढं काय, ते न्हाई… व्हय, माती दिली आता. व्हय… रोज? रोज रात्री तेच येतं मनात?… मग मला आधी काहून न्हाई विचारलं?"

उत्तर लगेच आलं. फातिमाबी खाली बघू लागली.

"बराबर हाय. हसलेच असते मी… ऐका आपा, मी विचारते. इथल्या काझीसाहेबांना, आजच्या आज… साब, और तीन मिनट दीजिए… आपा, जे असेल ते सांगते, गोड करून न्हाई सांगणार. आणि चाळिसाव्याला रजियाचं… काय? तुमी बोलाल भाईजानशी? तुमी सोता?… हॅलो?… हॅलो?"

चोंग्यात नुसती घरघर उरली. तिनं तो हळूच जागेवर ठेवला. रजिया दारात येऊन उभी होती, केसांत कापूस अडकलेला. बडे अब्बा अजून रागावलेत का, असं तिनं विचारलं.

"चपला घाल," फातिमाबी म्हणाली. "काझीसाहेबांकडे जायचंय. मला एक गोष्ट येत न्हाई."