‘आमचे हे’ यांचे मत

मी, सौ. कुंदा मधुसूदन टिल्लू, वय ३६, धंदा घरकाम, मॅट्रिक पास, राहणार बेलवली, बदलापूर. यजमानांचे नाव मी कागदावर लिहून दिले आहे. समक्ष विचारल्यावरून सांगते ते असे:

रंगप्रभा चित्रमंदिरे लिमिटेड या कंपनीची अंबरनाथ, उल्हासनगर व बदलापूर येथे थिएटरे आहेत. आम्ही भागधारक झाल्यापासून कंपनीकडून घरी आले ते: दिवाळीला पेढ्यांचा पुडा, देवाचे कॅलेंडर, फुकट पास दोन. शेअर घेण्यापायी माझ्या पाटल्या गेल्या. लाभांश कधीच आला नाही.

मॅनेजिंग डायरेक्टर जयदेव भावे यांना बदलापूरचे थिएटर स्वतःच्या मेहुण्यास विकायचे आहे. त्यांना काढावे असा ठराव त्यांचेच चुलते, अध्यक्ष श्रीपादराव, यांनी आणला. काल, गुरुवारी, अंबरनाथच्या थिएटरात सभा झाली. वेळ जयदेव यांनी भर दुपारची ठेवली. तेव्हा पुरुषमंडळी कारखान्यात असतात. म्हणून आम्ही बायका त्यांच्या सहीची अधिकारपत्रे घेऊन गेलो. माझे यजमान दोन महिने अंथरुणावर आहेत.

श्रीपादरावांना मोतीबिंदू, म्हणून यादी जयदेव यांच्या हाती होती. अधिकारपत्राकडे न बघता ते म्हणाले, "कोणाचे मत? नाव मोठ्याने सांगा."

सोनिवलीच्या बनूबाई म्हणाल्या, "आमच्या ह्यांचा."

"‘आमचे हे’ नावाचा भागधारक यादीत नाही हो, मावशी. लाजता कशाला? उखाण्यात घ्या!"

लोक हसले. बनूबाई म्हणाल्या, "तुजे बायकूला इचार, ती घेते का तुजा नाव?" आणि खाली बसल्या. मागोमाग बाकीच्याही बसल्या.

नवऱ्याचे नाव तोंडाने घेतले की त्याचे आयुष्य घटते असे आमच्यात मानतात. मीही मानते. देवीची क्षमा मागून मी नाव घेतले, सर्वांना ऐकू जाईल असे. मी बोलत असतानाच जयदेव यांनी घंटा वाजवली व म्हणाले, "मतदान संपले. ठराव पडला."

श्रीपादराव "या बायकांची मते धर" म्हणत यादी घेण्यास पुढे झाले. जयदेव यांनी त्यांना दोन्ही हातांनी लोटले. ते स्टेजवरून खाली पडले व त्यांचा हात मोडला. पाय घसरला असे जे सांगतात ते खोटे आहे. मी समोर होते.

आज पहाटेपासून यजमानांचा ताप चढला आहे. नाव घेतल्याचे मी त्यांना सांगितलेले नाही.

हा जबाब हवालदारांनी वाचून दाखवला, मग मी स्वतः वाचला. सांगितले तसाच आहे, सही करते.

एक विनंती. माझे मत घंटेच्या आधीचे म्हणून धरले की नंतरचे म्हणून टाकले, हे कंपनीस विचारून परतीच्या टपालाने कळवावे.