बाहेरून कडी असलेली गाडी

शुद्धलेखनाच्या चुका होतील, त्या पोटात घाला. मी सातवीत शाळा सोडली. शब्दही मला साधेच येतात, आणि माणसांसमोर तर तेही येत नाहीत. दोंडाईच्याला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला आहे. आमचं थोडं शेत शहाद्याच्या रस्त्याला लागून आहे. गेल्या थंडीत तिथल्या विहिरीवर एक म्हातारी बसलेली सापडली. तिला नाव सांगता येईना, गाव सांगता येईना. हातात एक पितळी तांब्या, तो कुणाला देईना. सूर्य बुडाला की पाण्यालाही शिवायची नाही, म्हणून जैनाघरची असावी एवढंच कळलं. मला ती अमरू म्हणून हाक मारायची. मी रोज सांगायचो, मी लीलाधर. श्रावणात ती तापानं पडली, तेव्हा मायनं तांब्या चिंचेनं घासला आणि त्यावर घातलेलं नाव वर आलं – अमृतलाल प्रेमचंद, धुळे. माय म्हणाली, "तिना पोऱ्या तिले धुंडत व्हई." चौकशी केली तेव्हा समजलं, या अमृतलाल शेठना जुनी स्टेशन वॅगन विकायची आहे. आमच्या मालकांना पोराबाळांना घेऊन डोंगरात मुक्कामाला जायला तशी गाडी हवीच होती. तांब्या पिशवीत घातला आणि धुळ्याला गेलो. आधी माणूस बघावा, मग तांब्या काढावा, असं ठरवलं होतं. पण बोलले सगळं तेच. ते जसं बोलले तसं लिहितो.

– नाही, नाही, बाहेरून काय चकरा मारतोस, दार उघड, आत बस. पाय पूस आधी. हां. लाजतोस काय असा, गाडी आहे, सासर नाही. मालकानं तुला पाठवलं म्हणजे कमाल आहे, दुसरं कुणी नव्हतं जिनिंगमध्ये? राग नको मानू, माझं बोलणंच असं आहे, तोंडावर बोलतो. ती पिशवी ठेव की खाली. नाही ठेवत? राहू दे. छातीशी धरून बसलाय, मालकानं घरातलं सोनं दिलंय काय बांधून? बरं, आता मागं वळून बघ. लांबी बघ. ही साधी जीप नव्हे, चीनच्या लढाईनंतर मिलिटरीचा माल लिलावात निघाला तेव्हाची. साहेबलोकांची होती. पुढं तीन, मध्ये तीन, आणि पार मागं समोरासमोर दोन बाकं, तिथं चार जण गुडघ्याला गुडघा लावून. बाकं दुमडली की गादी पडते, दोन माणसं पाय पसरून झोपतात. तंबूची गरजच नाही – म्हणजे तंबूही देतो, कॅनव्हासचा आहे, वर कॅरिअरवर बांधायचा. तुमच्या गावाकडं म्हणतात ना, बठ्ठं चांगलं शे, तसं सगळं, बठ्ठं चांगलं आहे हिचं. हस की जरा. तुझ्याच भाषेत बोललो.

मालकांची माणसं किती? पोरं धरून? म्हणजे मागचं बाक लागणारच. आम्ही दरसाल तोरणमाळला जायचो, थंडीत, कापसाचा हंगाम जरा कलला की. लोक हसायचे, शेठला घरात झोप येत नाही, डोंगरात जाऊन झोपतो. हसू दे. तलावाच्या काठी तंबू ठोकायचा, सतरंज्या, कंदील, कुसुमलता – म्हणजे आमच्या घरातली – ती स्टोव्हवर गरम गरम फुलके करायची, पोरं पाण्यात खडे मारायची. मजा असते. तो चढ तू बघितलायस? नुसते दगड. साधी मोटार तिथं गाढवासारखी अडून बसते. ही नाही. हा दुसरा दांडा दिसतो का, खालचा, हा ओढला की चारी चाकांना जोर येतो. चिखल असो, नाला असो. एकदा चढावर ट्रक फसला होता, त्याच्या बाजूनं काढली मी. ड्रायव्हर बघत राहिला. म्हणून सांगतो, चार ठिकाणी बघू नको. जळगावला एक आहे, मला माहीत आहे, तिची बॉडी आतून सडलीय, रंग मारून ठेवलाय. पाचोऱ्याचा एक जण छोटी जीप दाखवील, म्हणेल पेट्रोल कमी खाते. खाते कमी, पण माणसं कुठं बसवणार? टपावर? कुटुंबाला गाडी घ्यायची तर आधी माणसं मोजायची, मग गाडी बघायची. मी उलटं केलं नाही कधी. आता मात्र मी छोटीच घेणार आहे. आमची माणसं कमी झाली.

आई गेली. हो. मोहनबाई. गेल्या वर्षीच. वर डोंगरावरच, तोरणमाळला, ताप आला आणि – थंडी सोसली नाही. तिथंच उरकावं लागलं, खाली आणणार कशी. आठवडाभर दुखवट्याची बैठक होती, सगळा बाजार येऊन गेला. पेढीत फोटो आहे, चंदनाचा हार घालून, जाताना बघ. लोक म्हणाले अमृतलालनं आईला शेवटपर्यंत फिरवली, कोण नेतं आजकाल म्हाताऱ्या माणसाला डोंगरावर. खरंच आहे ते. कोण नेतं? तू नेशील? तुझी आई आहे? बरं. तिला अजून सगळं आठवतं ना? मग तुला नाही कळायचं.

हे भांड्यांचं खोकं बघ, हे गाडीबरोबरच देतो. सगळं पितळ, एकात एक बसणारं, खास करून घेतलं होतं सहलीसाठी. डबा, पातेली, ताटं, वाट्या, तांबे. सगळ्यांवर नाव घातलेलं आहे, आमच्या वडिलांची शिस्त, भांडं बाहेर गेलं की त्यावर नाव पाहिजे म्हणजे पाहिजे. ते तांबटाकडून घासून घ्या आणि तुमच्या शेठचं घाला. एक तांब्या कमी आहे. असेल कुठंतरी, पडला. एका तांब्यानं काय सहल अडते? आणि भांडी लागणारच, कारण वाटेत जेवण होतं. तुमचं मला माहीत नाही, आमच्यात सूर्य बुडाला की तोंड बंद, पाणीसुद्धा नाही. त्यामुळं गाडी कुठंही असो, ऊन पिवळं पडलं की मी ब्रेक मारणार, रस्त्याच्या कडेला सतरंजी, कुणाच्या तरी विहिरीचं पाणी गाळून घ्यायचं, जेवायचं आणि निघायचं. घाईघाईनं. घाई करावीच लागते, सूर्य कुणासाठी थांबत नाही. आणि आई एकेक घास चावत बसायची. तोंडात दात नाहीत, आणि चावतेय. मध्येच विचारणार, घर आलं का. नाही आलं. परत घास. घर आलं का. पोरं तिची नक्कल करायची. धाकटा तर असा करायचा, हुबेहूब, आम्ही पोट धरून हसायचो. तीही हसायची. तिला कळायचं नाही ना कुणाला हसतायत.

हे मध्यलं रेक्झिन नवीन आहे, हात लावून बघ. जुनं काढून टाकलं. घाण केली होती. आधी मध्ये बसायची ती, पोरांजवळ, मग पोरं ओरडायला लागली, वास येतो, वास येतो. म्हणून तिला पार मागं, बिछान्यांच्या वळकट्यांमागं. तिथं तिला बरं वाटायचं. एकटीच गुणगुणत बसायची. फक्त चालत्या गाडीत दार उघडायला बघायची, घर आलं म्हणायची आणि कडीला हात. म्हणून हे बघ, इकडं ये, उतर, हे मागचं दार. कडी बाहेरून आहे. आतून उघडतच नाही. लोहाराकडून मीच बसवून घेतली. ही तुझ्या मालकाला मुद्दाम सांग, पोरं पडायची भीती नाही. आत कोंबायचं, कडी घालायची, मग तोरणमाळ येवो नाही तर दिल्ली. असा काय बघतोस? बकऱ्या नेतात का बंद करून? नेतात की. ट्रकमध्ये. पोरांसाठीच म्हणतोय मी. आईचं वेगळं, ती आई होती.

विकतोय का, हेच विचारायचं होतं ना तुला मघापासून? ओठ हलतात तुझे, आवाज येत नाही. गाडीत खोट नाही, खोट आमच्या बाईच्या डोक्यात आहे. कुसुमलता बसतच नाही आता हिच्यात. वर्ष होत आलं, दाराजवळ येत नाही. म्हणते विकून टाका नाही तर मी माहेरी जाते. जा म्हटलं, बसनं जा. मला म्हणते, तुम्ही थांबला नाहीत. अगं, थांबून काय करायचं होतं? रोज तुलाच करावं लागत होतं ना, लुगडी तूच धूत होतीस, तूच रडत होतीस, देवा हिला उचल. ते मी ऐकायचं, आणि एक दिवस – एक दिवस माणसानं मनावर घेतलं, की त्याच बाईला पाझर फुटतो. जाऊ दे. बायकांचं सोड. पुढं ये परत, बस, मुख्य गोष्ट राहिली. बस ना. आता तू ड्रायव्हर. हात ठेव चाकावर. पिशवी मांडीवर घे हवी तर, तुझी ती लाडकी. आता हा आरसा बघ. केवढा आहे. बाहेरचा नाही, आतला, वरचा. असा आरसा आता येत नाही. मागचं सगळं दिसतं, शेवटच्या बाकावरच्या माणसाच्या डोळ्यांत काय आहे तेसुद्धा, आणि काचेतून पार मागचा रस्ता. लांबचं. लहान होत जातं पण पुसट होत नाही. त्या दिवशी ऊन अगदी तिरपं होतं, धूळ उडत होती, तरी लख्ख दिसत होती. विहिरीच्या काठावर, हात धुवायला गेलेली, तांब्या हातात. पळाली नाही. ओरडली नाही. मी म्हटलं ओरडेल, मग थांबावं लागेल. तिनं नुसता हात वर केला, तांब्याचाच हात, आपण कुणाला निरोप देताना करतो ना तसा, आणि तांब्या उन्हात चमकला. दुसऱ्या वळणापर्यंत चमकत होता. असा आरसा आहे. पोरं म्हणाली आजी, आणि मी –

– काय? काय झालं तुला?

मी तापाचं सांगतोय. आई डोंगरावर गेली. ती विहीर वेगळी, ती गोष्ट वेगळी, मागं एकदा आमची कामवाली राहिली होती अशी वाटेत, तिचं आठवलं. आपली चेष्टा. परत गेलो आम्ही आणायला. गेलो असतो. तू असा बघू नको माझ्याकडं. बोलत नाहीस, काही नाही, नुसता ऐकून घेतोस, हे काय चाललंय. कुठला म्हणालास तू? दोंडाईचा. गावात राहतोस? मळ्यात? कोणत्या रस्त्याला? – राहू दे, नको सांगू. मला काय करायचंय तुझ्या रस्त्याशी. उतर. म्हटलं उतर, गाडी द्यायची नाही मला. मालकाला सांग, शेठचा विचार बदलला. पाचोऱ्याची जीप घ्या म्हणावं, चांगली आहे, पेट्रोल कमी खाते.

काय वाजलं? तुझ्या पिशवीत. दाराला लागून वाजलं ते. पितळ आहे. मी भांड्यांच्या धंद्यातला माणूस नाही पण पितळ ओळखतो. – नाही. हात बाहेर काढ. काढू नको ते. मी सांगतो, उघडू नको पिशवी, मी काही बघितलं नाही, तू काही आणलं नाहीस, तू आलाच नव्हतास. पेढीत फोटो आहे तिचा, हार घातलेला, आठ दिवस अख्खा बाजार बसला होता माझ्या दारात. मेलेलं माणूस घेऊन कुणाच्या दारात येत नाहीत. एवढं तरी शिकवलं असेल ना तुझ्या मायनं. जा. फाटक लावून घे.

आणि ऐक. इकडं बघू नको, तसाच उभा राहा. अंधार पडल्यावर देऊ नका तिला काही. पाणीसुद्धा. आमच्यात चालत नाही. जा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर उठलो. ऊन अंगणात चांगलं येईपर्यंत थांबलो, मग तांब्या विहिरीच्या पाण्यानं भरला आणि तिच्या हातात दिला. ती पाणी प्याली. माझ्याकडं बघून म्हणाली, "अमरू, घर आलं का?" मायचा हात भाकरीवर थांबला होता. मी "ओ" दिली. म्हटलं, "हो आई, आलं."