तिच्या नावानं अंघोळ

शोभना : …ते सगळं राहू दे. ही कोण काढलीस तू, ह्यांच्या शेजारी?

मेरेआना : आई, तुम्ही चादर का काढली? चित्र शनिवारी उघडायचं होतं, बारशाच्या दिवशी.

शोभना : घसरली ती. म्हणजे, काढली मीच. आजीला राहवेल का? सांग ना, ही कोण?

मेरेआना : तुमची मुलगी. कौमुदी. नीट झाली नाही का? नाक मला अवघड गेलं.

शोभना : पियूष. ए पियूष, इकडे ये. आहे तस्सा ये.

पियूष : हळू आई, बाळ आत्ता झोपलंय. काय झालं?

शोभना : भिंतीकडे बघ.

पियूष : अरे वा, पूर्ण झालं? भारीच झालंय, मेरे. बाबांचे डोळे तर अगदी... थांब. ही ताई आहे?

शोभना : मला वाटलं, मलाच चष्म्याशिवाय दिसून राहिली.

मेरेआना : तुम्ही दोघं असं का बघता? मी सगळ्यांना घेतलं. उजवीकडे माझी माणसं. ही माझी आजी, हनुवटीवर गोंदण आहे ती. ही तिची आई. हे मामा, बोटीवर होते ते. डावीकडे तुमची. बाबा, बाबांची आई, मुरलीधरकाका आणि कौमुदी. आणि ही लाल रेघ एकापासून दुसऱ्यापर्यंत जाते. माझ्या देशात अशीच लाल माती वापरतात. इथे मिळाली नाही, म्हणून तुम्ही नागपूरहून आणलेला गेरू घेतला.

पियूष : मेरे, या चित्रात कोण असतं? लग्नाआधी मला एकदा सांगितलं होतंस तू.

मेरेआना : आमची वंशावळ असते. फाकापापा. थरावर थर. जे गेले ते मागे उभे राहतात आणि बाळाला त्यांच्या पुढे धरायचं. म्हणजे बाळाला कळतं, आपण एकटे नाही.

शोभना : गेले म्हणजे कुठे गेले?

मेरेआना : गेले. मेले.

शोभना : फक्त मेलेले?

मेरेआना : फक्त. जिवंत माणूस मेलेल्यांच्या भिंतीवर कधीच नसतो. फोटोसुद्धा लावत नाहीत. तसं करणं म्हणजे त्याला तिकडे ढकलणं. माझी आजी असती तर घर सोडून गेली असती.

शोभना : पियूष, खुर्ची दे मला.

पियूष : बस. कपाटातून ग्लास काढ गं मेरे, पाणी दे तिला. आणि ऐक. ताई जिवंत आहे.

मेरेआना : काय?

पियूष : कौमुदी. शी इज अलाइव्ह.

मेरेआना : नाही. आईंनी सांगितलं मला.

शोभना : मी? असं अभद्र मी काहून बोलेन पोटच्या पोरीबद्दल?

मेरेआना : तुम्ही आलात त्या पहिल्या आठवड्यात. तुम्ही माझ्यासाठी डिंकाचे लाडू वळत होता. मी विचारलं, तुम्हाला पियूष एकटाच का? तुम्ही म्हणालात, एक मुलगी होती, कौमुदी. तिच्या नावानं आम्ही अंघोळ केली.

शोभना : अगं, ते बोलण्यात बोलतात बाप्पा.

मेरेआना : मला त्याचा अर्थ माहीत होता. गेल्या वर्षी मुरलीधरकाका गेले. पियूष त्या दिवशी घरून काम करत होता. नागपूरहून फोन आला आणि तो मीटिंग अर्धी सोडून दुपारी चार वाजता अंघोळीला गेला. मी म्हटलं, आत्ता? तो म्हणाला, आपलं माणूस गेलं की त्याच्या नावानं अंघोळ करतात. पियूष, तू म्हणालास.

पियूष : म्हणालो. अरे देवा. अगदी असंच म्हणालो मी.

मेरेआना : मग मी तुला कौमुदीचं विचारलं. तू म्हणालास, तिचं नाव आमच्या घरात काढत नाहीत. मला वाटलं, दुःख फार मोठं आहे. पुन्हा विचारलं नाही. आमच्याकडे गेलेल्यांची नावं रोज घेतात. तुमच्याकडे घेत नसतील, असं वाटलं.

शोभना : आणि चेहरा? चेहरा कुठून आणलास? अल्बममधले तिचे सगळे फोटो ह्यांनी स्वतः उपटून काढले होते.

मेरेआना : तुमच्या चष्म्याच्या घरातून.

पियूष : कुठून?

मेरेआना : आई रोज सकाळी चष्म्याचं घर उघडतात. आत एक लहान फोटो आहे. बघतात, कपाळाला लावतात, परत ठेवतात. मग चहा घेतात. जिवंत मुलीचा फोटो कोणी असा ठेवतं का? एकदा त्या अंघोळीला गेल्या तेव्हा मी फोनवर त्याचा फोटो घेतला. न विचारता. ती माझी चूक.

पियूष : आई, तू ताईचा फोटो ठेवलायस?

शोभना : बारावीच्या फॉर्मला काढले होते ना, त्यातला एक उरला होता.

पियूष : अकरा वर्षं मी तुझ्यासमोर तिचं नाव काढलं नाही. तुला त्रास होईल म्हणून.

शोभना : मी तुझ्यासमोर काढलं नाही. तू बाबांचा मुलगा म्हणून.

मेरेआना : तिनं काय केलं होतं? कोणाचा जीव घेतला?

शोभना : लग्न केलं. दुसरीकडे साखरपुडा झालेला, पत्रिका छापून आलेल्या. आणि ही मेडिकल कॉलेजातल्या दिलीपसोबत निघून गेली. आमच्या जातीचा नव्हता तो. मुलगा तसा चांगला होता. दोनदा घरी येऊन गेला होता, माझ्या हातची पुडाची वडी आवडली म्हणाला होता.

मेरेआना : आणि ती अंघोळ? बोलण्यातलीच होती?

शोभना : खरी होती. ह्यांनी मागच्या अंगणात पाट मांडला आणि डोक्यावरून दोन बादल्या घेतल्या. माणूस गेल्यावर करतात तशी. मग मला म्हणाले, तूही घे.

पियूष : हे मला कोणी सांगितलं नाही.

शोभना : तू पुण्याला होतास, इंजिनीअरिंगला. काय सांगणार होते तुला फोनवर?

पियूष : आणि तू घेतलीस?

शोभना : घेतली. डिसेंबरातलं नागपूर, दातावर दात आपटत होते. ह्यांच्या बादल्या भरून देणारीही मीच. नळ सोडून उभी होते, आणि मनात काय होतं सांगू? की आज मोटर लवकर बंद करायला विसरायला नको. पोरगी मेली म्हणून अंघोळ चालली होती आणि मी मोटरीचा विचार करून राहिले होते.

मेरेआना : फक्त लग्न केलं म्हणून.

शोभना : हो.

मेरेआना : मी तुमच्या जातीची आहे का, आई?

पियूष : मेरे, प्लीज. आत्ता नको.

मेरेआना : मला विचारू दे. आपलं लग्न झालं तेव्हा बाबा नव्हते. ते असते तर पियूषच्या नावानंही अंघोळ केली असती?

पियूष : नाही गं. शेवटी शेवटी खूप मवाळ झाले होते ते.

मेरेआना : मी रोज सकाळी त्यांच्या चित्रापुढे उभी राहते. सांगते, तुमची नात आज नीट दूध प्यायली. मला खरं कळलं पाहिजे.

शोभना : पियूष, तिला खोटं सांगू नको. केली असती, पोरी. आणि बादली मीच भरून दिली असती.

पियूष : आई.

शोभना : आई काय? तुझ्या लग्नाला मी गोऱ्या-सावळ्या चार देशांच्या लोकांत पैठणी नेसून मिरवले. लोक म्हणाले, शोभनाबाई किती सुधारलेल्या. कसली सुधारली? बादली मागणारा नव्हता, एवढंच.

मेरेआना : थांबा. मला आत्ता आणखी एक कळलं.

पियूष : काय कळलं? बस तूही.

मेरेआना : मी तिला निरोप दिला. प्रत्येक चेहरा पूर्ण झाला की मी त्याला तीनदा म्हणते, हाएरे, हाएरे, हाएरे. मंगळवारी तिला म्हटलं. मोठ्यानं म्हटलं.

शोभना : म्हणजे काय?

मेरेआना : जा. जा. जा. तुझ्या आधी गेलेल्यांकडे जा.

शोभना : जित्याजागत्या पोरीला? अगं, आम्ही साधं भाजी आणायला निघालो तरी जाते म्हणत नाही, येते म्हणतो.

मेरेआना : ती ठीक आहे का? मंगळवारपासून तिला काही झालं का? कोणीतरी आत्ता विचारा. कुठे असते ती?

शोभना : मला काय माहीत? बंगलोरला म्हणत होतं कोणी.

पियूष : ती मजेत आहे. आज सकाळी डीपी बदललाय तिनं.

शोभना : तुला कसं माहीत?

पियूष : मंडळाच्या ग्रुपवर आहे ती.

शोभना : कुठल्या मंडळाच्या?

पियूष : इथल्या मराठी मंडळाच्या. आई, ती लेटरकेनीला असते. डोनेगलला. दिलीप आणि ती, दोघं तिथल्या हॉस्पिटलमध्ये आहेत. दोन वर्षं झाली.

शोभना : ह्या देशात?

पियूष : इथून गाडीनं सहा तास.

शोभना : मी दोन महिने झाले इथे येऊन.

पियूष : हो.

शोभना : दोन महिने मी तो फोटो कपाळाला लावून राहिले. आणि ती सहा तासांवर.

पियूष : मला माहीत नव्हतं तू फोटो... मागच्या गणपतीला डब्लिनच्या हॉलमध्ये दिसली मला. मोदकांच्या रांगेत, माझ्या पुढे चार माणसं सोडून. मागे वळली, मला पाहिलं. हसणार होती. मेरे, तुला आठवतं, मी म्हटलं पार्किंगचा टाइम संपतोय? संपला नव्हता. मी गाडीत जाऊन बसलो.

मेरेआना : तू तुझ्या बहिणीला पाहिलंस आणि गाडीत जाऊन बसलास.

पियूष : काय बोलणार होतो मी? बाबा गेले तेव्हासुद्धा तिला कळवलं नव्हतं आम्ही.

मेरेआना : वडील गेले आणि मुलीला सांगितलं नाही? तुम्ही... नाही. मला बोलायला मराठी येत नाही आता.

शोभना : पुसून टाक तो चेहरा. पोरी, हात जोडते तुला. रंग दे त्याच्यावर, काहीही कर.

मेरेआना : नाही. पुसलं तर ती दुसरी अंघोळ होईल. पहिली एक केलीत ना?

शोभना : मग हलव. खाली काढ, आम्हा जिवंतांमध्ये.

मेरेआना : चित्रात जिवंतांना जागा नसते, आई. जिवंत माणसं चित्रासमोर उभी राहतात. तिला इथे यावं लागेल. मी तिची माफी मागेन. ती म्हणेल तेव्हा, तिच्यासमोर, तो चेहरा मी झाकेन. तिच्याशिवाय हात लावणार नाही.

शोभना : आणि ती आलीच नाही तर?

मेरेआना : तर ती तिथेच. मी नाही ठेवलं तिला तिथे. मी फक्त रंगवलं.

पियूष : शनिवारी इतके लोक येणार. मेनूथहून अश्लेषा येतेय बाळाच्या कानात नाव सांगायला.

शोभना : अश्लेषा तुझ्या मित्राची बहीण. उसनी आत्या. चार दिवसांमागे मीच तुला म्हटलं, आणा कोणालातरी, आत्याशिवाय बारसं कसं होईल. बोलताना माझी जीभ अडखळली नाही.

मेरेआना : खरी आत्या नाव सांगते, हे मला माहीत होतं. मला वाटलं, खरी नाही म्हणून अश्लेषा.

शोभना : जा म्हणायला तुम्ही हाएरे म्हणता. आणि ये म्हणायला?

मेरेआना : हाएरे माई.

शोभना : माई?

मेरेआना : हो. शब्द तोच. पुढे माई आलं की माणूस इकडे येतो.

शोभना : पियूष, नंबर लाव.

पियूष : आत्ता? रविवार असला तरी ड्यूटी असेल तिची. आधी मेसेज टाकू का?

शोभना : अंघोळ करताना मेसेज टाकला नव्हता. लाव.

मेरेआना : एक मिनिट, आई. हात पुढे करा. मेलेल्यांचं काम झालं की आम्ही पाणी शिंपडतो, मग माणसांत येतो.

शोभना : या चार थेंबांनी त्या दोन बादल्या उतरतील का गं?

मेरेआना : मला माहीत नाही. पण हात कोरडे नका ठेवू.

पियूष : रिंग जातेय.

(शोभनाबाईंनी ओल्या हातानं फोन कानाला लावला. दुसऱ्या हातात चष्म्याचं घर होतं, आणि ते उघडायची त्यांना आता हिंमत नव्हती. सातव्या रिंगला कोणीतरी फोन उचलला.)

शोभना : कौमुदी?... हो. मीच... नाही गं, घाबरू नको. कोणाला काही झालं नाही, कोणी गेलं नाही... ऐक ना. शनिवारी पियूषच्या मुलीचं बारसं आहे, इथे कॉर्कला. आत्या लागते.